ढगाच्या भरवशावर पिट-स्टॉप

बुधवार, १७ सप्टेंबर. इमोला.
आमचा स्ट्रॅटेजिस्ट आजारी. रविवारच्या रेसमध्ये आमच्या ड्रायव्हरला, तिझिआनोला, टायर बदलायला ट्रॅकवरून आत पिटमध्ये कधी बोलवायचं, ते मी ठरवणार. भीती अजिबात नाही. जेवण गेलं नाही ते उकाड्यामुळे. तो पहिल्या दहात आला तरच पुढच्या वर्षी टीममध्ये त्याची सीट राहील, असं मालक म्हणाले.

गुरुवार, १८.
नियम साधा आहे. रेस कोरडी असेल तर मऊ आणि कडक, दोन्ही टायर वापरायचेच. म्हणजे एकदा तरी आत यावं लागतं. लवकर बोलावलं तर नवे टायर शेवटपर्यंत पुरत नाहीत. उशीर केला तर जुने घसरतात. पण पाऊस आला की ही सक्ती उठते. पावसाचे टायर घ्यायला सगळेच आत येतात, ठरवायचं काही उरत नाही. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

शनिवार, २०.
डोंगरावर ढग. आमचा मुख्य मेकॅनिक लेआर्को म्हणाला, अगं नीवेस, तो ढग माझ्या लग्नापासून तिथेच आहे. तू कितव्या लॅपला बोलवायचं ते सांग. मी म्हटलं, प्लॅन लवचीक हवा. छातीत धडधडतंय. कॉफी कमी करावी.

रविवार, २१. रेसआधी.
तिझिआनो म्हणाला, तू बोलावशील तेव्हा येईन, डोळे मिटून. असं कशाला म्हणायचं?

रविवार, संध्याकाळ.
तो आठवा होता. बाकीचे एकेक करून आत येऊन गेले. रेडिओवर त्याने विचारलं, येऊ? मी म्हटलं, थांब. मग म्हणाला, नीवेस, साबणावर गाडी चालवतोय गं. मी म्हटलं, ढग येतोय. लेआर्को म्हणाला, बाई, काहीतरी बोल, नाहीतर छत्री तरी दे. ‘ये’ एवढंच म्हणायचं होतं. मी पुन्हा ढगाकडे पाहिलं. अर्थात मी योग्य क्षणाची वाट पाहत होते. शेवटी तो न विचारताच आत आला. रेस कोरडीच संपली, तो तेरावा.

सोमवार, २२.
यापुढे टायरचं लेआर्को बघणार, मी फक्त हवामान. एक प्रकारची बढतीच. तिझिआनोची सीट गेली. मालक म्हणाले, तूच कळव, तुमचं जमतं. फोन करणारच होते, पण तो जेवत असेल.
आत्ता त्याचाच आला. वाजू दिला. अशा गोष्टी घाईने सांगू नयेत.