भिंतीवर रंगवलेला पासवर्ड

७ एप्रिल, मंगळ.
दुपारी पुन्हा नेट गेलं. आठवड्यात तिसऱ्यांदा. आमची लेक पल्लवी घरूनच कंपनीच्या मीटिंगमध्ये बोलत होती, मधेच सगळे चेहरे गोठले. खोलीतून बाहेर आली, आपल्या पोरीला, ओवीला कडेवर घेतलं आणि खिडकीत उभी राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं.
राऊटर फ्रिजवरून काढून कपाटावर ठेवला. अ‍ॅडॅप्टर बदलला. तीस वर्षं खांबांवर चढून गावाचे फॉल्ट काढले, आणि हा टीचभर डबा वायरमनचं ऐकत नाही.

८ एप्रिल, बुध.
नेटवाला येऊन गेला. म्हणाला, "काका, बाहेरची लाइन ठणठणीत आहे. फॉल्ट घरातच शोधा." मी चिडलो. घरात काय शोधू? माणसं चार, त्यातलं एक दोन वर्षांचं.
जाताना त्यानं राऊटरचं पान मोबाइलवर उघडून दाखवलं. आत शिरायचं नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. कारखान्यातून आला तसाच. म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवलेली. पुढं जोडलेल्या यंत्रांची यादी. तेवीस. आमची चार.
उरलेली एकोणीस कोणाची, ते मला तिथंच कळलं. पल्लवीला म्हणालो, "काहीतरी गडबड दिसते, बघतो."

९ एप्रिल
घरात सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहितो.
नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी. पलीकडच्या मंजुळावहिनींची बोअर आहे. मागच्या उन्हाळ्यापासून रोज सकाळी सातला भिंतीवरून पाइप टाकतात, आमची टाकी भरली की ओढून घेतात. एकदा पैशांचं बोललो तर म्हणाल्या, "पाण्याचं कोण पैसं घेतं व्हय, भाऊ?" त्या मूळच्या देवगाव रंगारीच्या. घरी एकट्याच असतात. भिवाबापू, त्यांचे यजमान, मेंढरं घेऊन सोयगावकडं. संध्याकाळी सहाला बापूंचा व्हिडिओ कॉल येतो आणि वहिनी इथं बसून एकेक मेंढी तपासतात. पाण्याची परतफेड म्हणून मी आमचं नेट दिलं. वाईट काय केलं?
पण वहिनींना वाचता येत नाही. फोन बिघडला, कोणी दुरुस्त करून दिला, की पासवर्ड पुन्हा टाकायला आमच्याकडं. आकडे मात्र त्या बघून दाबतात, म्हणून नुसत्या आकड्यांचा पासवर्ड त्यांच्या नळामागच्या भिंतीवर खडूनं लिहून दिला. तो पाण्यानं पुसला जाई. म्हणून ऑइल पेंट. पिवळा चौकोन, काळे आकडे, खांबांचे नंबर रंगवायचो तसे. अक्षर इतकं सुरेख आलं की फोटो काढून ठेवला.
त्याच नळावर अख्खी गल्ली पाणी भरते, हे डोक्यात आलं नाही. हंडा भरेपर्यंत माणूस काय करणार? भिंतच वाचणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

१० एप्रिल, शुक्र.
कंपनीच्या माणसानं पल्लवीच्या लॅपटॉपवरून आमचं नेट तपासलं. मी दाराआड उभा. "घरचं कनेक्शन बाहेरच्या कोणाला दिलंय का?" पल्लवी ठाम: "नाही." मग त्यानं तेवीसचा आकडा वाचून दाखवला. लोकांचे इन्शुरन्सचे कागद असतात तिच्याकडं, असं उघडं नेट चालणार नाही. पल्लवीनं विचारलं, पाहुण्यांसाठी वेगळं नेट करून दिलं तर? तेही नको. त्या लाइनवर बाहेरचं कोणीच नको. सतरा तारखेला पुन्हा तपासणी. तेव्हाही असंच दिसलं तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा.
ओवीला इथं टाकून पुण्याला? जूनमध्ये कोर्टात ओवीच्या ताब्याची तारीख आहे. आई पोरीजवळ नसते, हेच जावयाच्या वकिलाला पाहिजे. आणि नोकरी सोडली तर म्हणणार, आई कमवत नाही.
पल्लवीनं विचारलं, "बाबा, तुम्ही कोणाला दिलाय का?"
म्हणालो, "जुना डबा आहे, कोणीतरी पासवर्ड शोधला असेल."
पोटच्या पोरीशी खोटं बोललो.

११ एप्रिल, शनि.
बदलला. आधी अ‍ॅडमिनचा, मग नेटचा. लांबलचक. इथंसुद्धा लिहीत नाही, शहाणपण आलंय, उशिरा का होईना. यादी पाहिली: चार. तासाभरानं पुन्हा पाहिली: चार.
सहा वाजता वहिनी भिंतीशी. "भाऊ, नेट लागंना."
खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "लाइन खराब झालीय, वहिनी. आमचंपण बंद आहे."
"आगं बया! मग पल्लवीच्या कामाचं कसं?"
"बसलीय तशीच," म्हणालो.

१२ एप्रिल, रवि.
सातला पाइप आला. टाकी भरली.
हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "जाऊन खरं बोला. त्या काय पाणी तोडणार आहेत?"
"आणि तोडलं तर?"
ही म्हणाली, "तोडणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्हाला पाण्याची भीती नाही. लाज वाटते."
बायको एवढं बरोबर बोलते तेव्हा फार राग येतो.

१३ एप्रिल, सोम.
दिवसभर पल्लवीचं नेट एकदाही तुटलं नाही. भाजी निवडताना गुणगुणत होती. किती महिन्यांनी.
आणि भर उन्हात वहिनी त्यांच्या गच्चीवर, हातात काठी. आमची वायर त्यांच्या लिंबातून जाते. "खारीनं कुरतडली असंल, भाऊ, बघते." साठीची बाई फांद्या बाजूला करत होती, आणि मी खाली टेस्टर घेऊन, वर बघत, तपासल्याचं नाटक करत होतो. नेटच्या वायरीला टेस्टर. लाइनमधल्या कोणी पाहिलं असतं तर थुंकलं असतं.
खाली आल्यावर म्हणाल्या, एका मेंढीच्या तोंडाला फोड आलेत. "फोनवर नुसतं सांगून काय कळतंय? डोळ्यानं बघाया पायजे. बापूला एकट्याला उमजत नाय."

१५ एप्रिल, बुध.
अकराला वहिनी दारात. हातात त्यांचा फोन. "धरा. चौकातनं नेटचा रिचार्ज मारून आणला. दुकानदार म्हनला, ह्याच्यावर लॅपटॉपबी चालतो. किती दिस पोरगी बिनकामाची बसंल? तिची नोकरी जायला नाय पायजे."
मी दार अडवून उभा. नको म्हणणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून पल्लवीचा मोठा, स्वच्छ आवाज: "हो मॅडम, ऐकू येतंय. आता नेट एकदम चांगलं आहे, शनिवारपासून काहीच प्रॉब्लेम नाही."
वहिनींनी खोलीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी जमिनीकडं.
"ऱ्हाऊ द्या तरीबी," म्हणाल्या. फोन माझ्या हातात ठेवला आणि गेल्या.
फोन टेबलावर ठेवला. हात लावला नाही. सहाला वाजला. उचलला तर पडद्यावर मेंढीचं तोंड, पार जवळ, आणि मागून बापू: "मंजुळे, बग, हितं लई सुजलंय!" मग मी दिसलो. "कोन? वायरमनभाऊ? ती कुटंय?"
चप्पल न घालता पळालो. वहिनी नळाशी बसल्या होत्या, त्या पिवळ्या चौकोनाखाली. फोन घेतला, मेंढीचं तोंड नीट पाहिलं, वर-खाली फिरवायला लावलं, हळद-तेल लावायला सांगितलं, हिला बाकीच्यांपासून येगळी बांधा म्हणाल्या. मी तिथंच उभा. कॉल संपल्यावर फोन परत माझ्यापुढं धरला.
"वहिनी, मी..."
"पोरीला द्या," म्हणाल्या. आणि हंडा उचलला.

१६ एप्रिल, गुरु.
पल्लवीला खरं सांगितलं. सगळं, पेंटसकट. बराच वेळ ओवीचे केस विंचरत राहिली. मग म्हणाली, "मी त्या माणसाला छातीठोक 'नाही' म्हणाले होते, बाबा." तेवढंच. वहिनींचा फोन तिनं स्वतः नेऊन दिला. तिकडं काय बोलणं झालं, सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
उद्या तपासणी. यादीत चारच आहेत.
पाइप आज साडेसातला आला. उन्हाळ्यात बोअरचं पाणी उतरतं, त्यामुळं असेल.
माळ्यावरून पिवळ्या पेंटचा डबा काढलाय. पिवळ्यानं चौकोन नुसता भरून टाकायचा, की वहिनींना समोर बसवून सगळं सांगायचं आणि मग रंगवायचा? ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत घातलाय. मऊ झाला की जायचं आहे.