बाहीतली कविता

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात? बसच्या तीन थांब्यांवर राहून पत्र कसलं पाठवते, म्हणशील. पुढे कळेल.

आधी बातमी, पण हसायचं नाही. दुपारी दोन तास शिवणाचं दुकान बंद ठेवून मी शाळेत जाते. मोठ्या बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग निघालाय. आम्ही अकराजणी. बाई माझ्या लेकीपेक्षा लहान, पण धाक असा की आमच्यातली भाजीवालीसुद्धा बोट वर केल्याशिवाय बोलत नाही. व्याकरण निम्मं डोक्यावरून जातं. वहीत मी दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडते. बाईंनी कारण विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, "पुढे उसवून वाढवायचं झालं तर?" अख्खा वर्ग हसला. चौपन्नाव्या वर्षी बाकावर बसून मी इतकी खूश आहे, की माझं मलाच नवल वाटतं.

आता गोष्टी आणि कविताही सुरू झाल्यात. परवा बाई म्हणाल्या, "गोष्ट वाचताना आधी बघा, सांगतंय कोण. मग बघा, तो काय सांगायचं टाळतोय." मी वहीच मिटून ठेवली. भाजीवालीने विचारलंसुद्धा, "काय गं, बरं नाही का?"

तुझी शाळा कशी सुटली, ते मी सगळ्यांना एकाच तऱ्हेने सांगत आले. ताईने परीक्षेच्या तोंडावर इंग्रजीचं पुस्तक हरवलं, बाबा म्हणाले, "पुस्तक सांभाळता येत नाही, तिला कसली शाळा," आणि ताई आईच्या मशीनवर बसली.

पुस्तक तू हरवलं नव्हतंस. मी कापलं. कपडा बेतायला आई कागदाची मापं कापायची, तशी मला बाहुलीच्या झग्याची कापायची होती आणि तुझ्या पुस्तकाचा कागद छान जाड होता. नऊ वर्षांची होते. सहा-सात पानं कापल्यावर घाबरले आणि उरलेलं चुलीत घातलं. तू दोन दिवस घर धुंडाळत होतीस, आणि मीही तुझ्याबरोबर शोधत होते. त्या शोधण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

गेल्या आठवड्यात आईचा मापांचा डबा आवरताना त्या पानांतून कापलेली एक कागदी बाही सापडली. सोबत पाठवते आहे. तिच्यावर कविता आहे, आणि ताई, ती मला वाचता आली. एक मुलगी नदीला विचारते, तू कुठे चाललीस. नदी काय म्हणाली, ते काखेच्या गोलाईत कापलं गेलंय. हीच कविता तू मशीन चालवताना म्हणायचीस ना? पुढच्या ओळी तुला येत असतील.

वर्गाचे प्रवेश शुक्रवारपर्यंत आहेत. माझ्या शेजारची जागा बाईंना सांगून धरून ठेवली आहे. रागावली असशील तर रागावूनच ये. पण ये, आणि नदी काय म्हणाली ते मला सांग.

तुझं पुस्तक कापणारी,
धाकटी