माइटच्या पोटातला बिऱ्हाडकरू

३ मार्च
निवृत्तीनंतर प्रथमच प्रयोगशाळेत गेलो. धाकटीचं भाषण होतं. (माझी शेवटची विद्यार्थिनी, म्हणून धाकटी.) मातीतल्या माइटच्या पोटात बिऱ्हाड करून राहणारा नवा बॅक्टेरिया तिने शोधलाय. माइट म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा जीव. चाळीस वर्षं मी त्यांच्या पाठीवरचे केस मोजले. आत कोण राहतं, हे विचारायचं राहूनच गेलं. टाळ्या फार झाल्या. मी कमी वाजवल्या. खांदा दुखत होता.

५ मार्च, सकाळी
धाकटी म्हणते, हा बॅक्टेरिया एका कुळातल्या माइटकडून दुसऱ्या कुळातल्या माइटकडे उडी मारतो. छे! आईकडून अंड्यात, अंड्यातून लेकीत, हीच त्याची वाट. माइटची आणि बॅक्टेरियाची, दोघांच्या वंशावळी शाळेतल्या कवितेच्या यमकासारख्या जुळणारच. सिद्ध करून दाखवतो. यात मत्सर नाही. शास्त्र आहे.

९ मार्च
बागेतल्या कुजक्या पानांतून साठ माइट वेचले. धाकटी हातमोजे घालते, दर माइटला नवी सुई घेते. नखरे! बारीक ब्रश जिभेवर ओला करावा, टोक जुळतं, माइट अलगद चिकटतो. आमच्या सरांची पद्धत. आहाहा, काय दिवस होते.
ही म्हणाली, "अहो, तोच ब्रश परत तोंडात?"
बायकांना शास्त्र कळत नाही. धाकटी अपवाद. तीही अर्धीच.

१२ मार्च
डीएनए तपासणीला नमुने धाकटीकडेच द्यावे लागले. "सर, मी स्वतः करते," म्हणाली. घाबरलेली दिसली.

२० मार्च
शोधनिबंधाचं शीर्षक झालं. बॅक्टेरियाला माझं नाव द्यायचं कुणी सुचवलं, तर फार आढेवेढे घेणार नाही.

२ एप्रिल, दुपारी
धाकटीचा फोन. साठही माइटमध्ये एकच बॅक्टेरिया! "बघ!" म्हणालो.
ती म्हणाली, "सर, हा माणसाच्या तोंडात असतो. हिरड्या सुजल्या की वाढतो."
"म्हणजे तुझंच खरं. उडी मारतो तर."
"सर, ही उडी ब्रशवरून आहे."
हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं.

४ एप्रिल
हिने दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना वंशावळींची माझी उपपत्ती समजावायला घेतली. श्रोता बरा वाटला. म्हणाले, "आ करा, आजोबा. बोलू नका."