अर्धी मात्रा उशिरा

रेव्हन्सविक, यॉर्कशरचा किनारा
ऑक्टोबर १९७२

ती. म्यूरियल मावशीस,

जिलियनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नव्या पाद्रीबाबांनी चॅपलच्या गायकवृंदात तुला अजून पहिल्या रांगेत ठेवलंय ना? आल्याच्या बिस्किटांचा डबा पोचला. (चित्रीकरणाच्या दिवेवाल्यांना तो माझ्या आधी सापडला, त्यामुळे चव त्यांना विचारून कळवते.) मी बरी आहे. फोनवर तू म्हणालीस की माझा आवाज भलताच चढलेला वाटतो. तसं काही नाही. वारा होता आणि टेलिफोन बूथचं दार लागत नव्हतं, एवढंच.

तू चित्रपटाबद्दल विचारलंस म्हणून सांगते. एक रॉक गायक कीर्तीला कंटाळून कोळ्यांच्या गावात येतो, तिथली जुनी गाणी ऐकतो आणि सुधारतो. निदान सुधारावा असं ठरतंय. शेवट अजून लिहिलेला नाही. (सध्या लंडनमध्ये ज्याच्या गळ्यात गिटार दिसेल त्याच्यासमोर कॅमेरा नेऊन ठेवतात.) नायकाचं काम डेन मार्लो हा खरोखरचा रॉक गायक करतो. तो स्वभावाने गरीब आहे, पण त्याचे चंदेरी बूट मासळीबाजाराच्या चिखलात रुतले, तेव्हा आधी त्याला आणि मग बुटांना असं वेगवेगळं बाहेर काढावं लागलं. त्याची गाणी सोपी. गाणं लंडनमध्ये आधीच मुद्रित झालेलं असतं, इथे ते भोंग्यावर लावायचं आणि त्याने ओठ हलवायचे.

माझं काम म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेला मायक्रोफोन लोकांच्या डोक्यावर धरायचा, त्याची सावली पडू द्यायची नाही आणि तोंड बंद ठेवायचं. आमचे ध्वनिमुद्रक मिस्टर पिम (कानाला हेडफोन लावूनच जन्मले असावेत) म्हणतात, माझ्याइतकं चांगलं गप्प बसणारं माणूस त्यांना आजवर मिळालेलं नाही. हा चित्रपट बिनचूक पार पडला तर युनियनच्या सभासदत्वासाठी ते माझी शिफारस करणार आहेत. सभासदत्वाचं ते कार्ड मिळालं नाही तर मला पुन्हा हॅलिफॅक्सच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करत बसावं लागेल. आणि युनियन ही गंमत नव्हे, मावशी. मागे रंगभूषेच्या मुलीने एक खुर्ची सरकवली. खुर्ची हे सामानवाल्यांचं काम. त्यांनी कामच थांबवलं. शेवटी ती खुर्ची परत मूळ जागी नेली, मग योग्य माणसाने ती पुन्हा तिथेच आणून ठेवली, आणि तोवर सूर्य ढगात गेला. नट आणि गायक यांची युनियन तर आमच्याहून वेगळीच. तेव्हा या सगळ्यात चढ्या आवाजात बोलायला मला सवड कुठली?

तर परवा गावच्या दारूच्या गुत्त्यातलं गाणं होतं. ते म्हणायला हेस्टर ब्लॅकलॉक आली. ही साठीची बाई हेरिंग मासे धुरी देऊन टिकवते आणि एका कानावर हात ठेवून गाते. दिग्दर्शक ज्युलियन फेअरब्रेस (मेंढीच्या कातड्याचा कोट, आत बहुधा सदरा नसतो) तिला म्हणाला की आधी मुद्रित करू, मग ओठ हलवा. ती म्हणाली, "बाळा, मी दरवेळी वेगळंच गाते. मग खोटं कुठलं, आत्ताचं की मघाचं?" तेव्हा तिथल्या तिथे मुद्रण करायचं ठरलं.

बसलेले लोक म्हणजे गुत्त्यात गुरुवारी गाणी म्हणायला जमणारी मंडळीच. त्यांना सांगितलं होतं की हेस्टरने गायचं, तुम्ही फक्त ऐकायचं. त्यांनी मान डोलावली. पहिलं कडवं सुरेख झालं. ध्रुवपद आलं आणि सगळा गुत्ता गायला लागला. पुन्हा समजावलं, पुन्हा गायले. एका म्हाताऱ्या कोळ्याने ज्युलियनला नीट समजावलं की बाई ध्रुवपदाला एकटी सोडणं म्हणजे तिला भर समुद्रात सोडणं. असं इथे कुणी करत नाही. डेनने तर बूट काढून ठेवले आणि तोही गाऊ लागला. शेवटी ज्युलियनने शरणागती पत्करली. म्हणाला, गा सगळे.

मावशी, ते काय होतं म्हणून सांगू. काठीचा भार हाताला जाणवेना. छताच्या तुळया घुमत होत्या, बिअरचे ग्लास आपोआप किणकिणत होते, दिवेवाले शिडीवरून खर्ज लावत होते (त्यांच्याकडे युनियनने काणाडोळा करावा, कारण ते मुद्रणात ऐकू येत नाहीत). त्यानंतर मला थोडा वेळ बसावं लागलं. ही तांत्रिक नोंद समज.

मग फीत ऐकली. त्यात सगळ्यांच्या वर एका स्त्रीचा आवाज निघाला, पातळ, उंच, आणि प्रत्येक ध्रुवपदाला बरोबर अर्धी मात्रा उशिरा. मला वाटलं, आता हे कापणार. पण ज्युलियनच्या डोळ्यांत पाणी. डेन म्हणाला, अख्ख्या चित्रपटात एवढीच गोष्ट खरी आहे. हुकूम सुटला की ती बाई शोधा, तिला शेवटच्या दृश्यातही घेऊ. गावातल्या झाडून सगळ्या बायकांनी तो आवाज आपलाच असल्याचं सांगितलं. एकेकीला गायला लावलं, मी एकेकीसमोर मायक्रोफोन धरला. कुणी उशिरा येई पण उंच नाही, कुणी उंच जाई पण वेळेवर. शोध चालू आहे. मी त्यात पूर्ण सहकार्य करते आहे.

काकांना आणि मांजराला आठवण सांग.

तुझी,
जिलियन

ता. क. आपल्या चॅपलमध्ये आपण दोघी एकाच बाकावर उभ्या राहायचो. ऑर्गन पार दुसऱ्या टोकाला, आणि त्याचा सूर पोचेपर्यंत तू थांबायचीस. मी तुझ्याकडूनच शिकले. हे सहज आठवलं.

ता. क. २. मायक्रोफोनच्या सगळ्यात जवळ कोण उभं होतं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. मिस्टर पिमनी मात्र आज चहाच्या वेळी हेडफोन काढले (मी त्यांचे कान प्रथमच पाहिले) आणि दुसरीकडे बघत विचारलं, "पोरी, तुमच्या घरात आणखी कुणी गातं का? युनियनबाहेरचं?" मी म्हणाले, मावशी आहे. ते म्हणाले, "मग ती परवा इथेच आली होती. कोपऱ्यात बसली होती. मला चांगली आठवते." आणि हेडफोन परत लावले.

ता. क. ३. तेव्हा सोमवारी सकाळच्या गाडीने ये. चॅपलची टोपी घाल. तू परवा बिअर घेतली नाहीस, लिंबूपाणी घेतलंस, हे पाठ कर. गाडीला उशीर करू नकोस. गाण्यात मात्र नेहमीइतकाच कर.