मडक्यातला खडा

बाबा, आज सातवीच्या वर्गात पुन्हा तोच धडा घेतला. मीठ पाण्यात विरघळलं तरी नाहीसं होत नाही, त्याचे कण पाण्याच्या कणांमध्ये पांगतात आणि पाण्याची वाफ झाली की मागे उरतात. दरवर्षी हे सांगताना मी मध्येच थांबून पाणी पिते. मुलींना वाटतं, बाईंना खडूची धूळ बाधते. आता खोलीवर येऊन चहा टाकलाय. बोलायला कोणी नाही, म्हणून तुला लिहितेय.

मी सातवीत होते. आई गेल्यानंतरचं पहिलंच वर्ष. मिठागरावरच्या झोपडीमागे, सावलीत, तू एका मडक्यात खारं पाणी ठेवलं होतंस. मीठ बसताना पाणी हलवायचं नाही, हा तुमचा आगरावरचा नियम. त्या मडक्याजवळून तर तू मला जोरात चालूही देत नव्हतास. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत थांबलास आणि सुपारीएवढा चौकोनी खडा माझ्या हातावर ठेवलास. काचेसारखा स्वच्छ होता. तसं कौतुक तू पुन्हा कधी केलं नाहीस.

दुसऱ्याच दिवशी शाळेत, मास्तरांच्या प्रयोगात, तो विरघळला. पाणी स्टोव्हवर आटवून जे उरलं ते पुडीत बांधून मी धावत तुझ्याकडे आले. तू फावडं टेकून उभा आहेस. मी पुडी उघडते आणि शहाणपणाने सांगते की काहीच हरवलं नाही, सगळे कण यातच आहेत. आत पिठासारखी पांढरी भुकटी. तू ती बोटावर घेतोस.

"कण सगलं हायत, मानलं. पन माजा खडा कुठं हाय गो?"

मग तू विचारलंस, पाण्यात कोणी टाकला. मी म्हटलं, मास्तरांनी.

त्या दिवसापासून तू मास्तरांशी बोलणं टाकलंस. रोज संध्याकाळी ते तुला पेपर वाचून दाखवायला यायचे, तुझं तेवढंच एक माणूस होतं. पुढे मी रेवसहून लाँचने मुंबईला शिकायला गेले, दर पंधरा दिवसांनी तुला पत्र लिहायचे. पत्रासाठी तरी तू मास्तरांकडे जाशील असं वाटायचं; वाचणार तेच, या भीतीने खरं काही लिहिलं नाही. तू गेल्यावर पत्र्याच्या डब्यात ती सगळी सापडली, एकही फोडलेलं नव्हतं. मास्तरांकडे तू जाणार नव्हतास, आणि पोरांकडून वाचून घ्यायची तुला लाज वाटायची. माझी दोन वर्षं तुला कळलीच नाहीत. तुझ्या तिरडीमागे मास्तर सगळ्यांच्या शेवटी चालत होते, आणि तेव्हाही मी गप्प राहिले.

कण कुठेच जात नाहीत, हे मी आजही फळ्यावर लिहिलं. त्याचा मला काही उपयोग नाही, बाबा. मला तू हवा आहेस.

हे पत्रही त्याच डब्यात ठेवीन. मास्तरांनी त्या दिवशी प्रयोगासाठी घरून साधं मीठ आणलं होतं. माझ्या हातातला खडा पाहून ते म्हणाले होते, "हा नको, बापाने जपलाय." सगळ्या वर्गाने बघावं म्हणून मीच तो पाण्यात सोडला.