आधी कोणी दाखवायचं

पोर्ट मॅकडॉनेल
मंगळवार, ५ ऑगस्ट २०१४, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं

प्रिय टॅम्सिन,

तुमच्या शेडमध्ये बसून शेवंडीच्या पिंजऱ्यांची फाटलेली जाळी विणत होतो. तिसऱ्यांदा तीच गाठ चुकली, म्हणून सुई खाली ठेवली आणि कागद घेतला. फोनवर हे मला बोलता येणार नाही. तू शुक्रवारी अॅडलेडची खोली सोडून इकडे यायची नोटीस देणार आहेस. मंगळवारी टाकलेलं पत्र गुरुवारपर्यंत पोचतं असं पोस्टातल्या बाई सांगतात. सगळं वाचून होईपर्यंत नोटीस देऊ नकोस, एवढं कर.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या बाबांचा दुखरा हात आता खांद्यातून बराच वर जातो. बोट पाण्याबाहेर काढली आहे आणि आज तिच्या तळाला रंग लागायचा आहे. रविवारी नेहमीप्रमाणे दुपारच्या जेवणानंतर पोकरचा डाव बसला. बाबा, बोटीवरचा स्नो, शेजारची ऑड्री आणि मी. एप्रिलमध्ये तुझी आई गेली तेव्हापासून हे टेबल बंदच होतं. ऑड्रीनेच हट्ट धरला. बाबांना म्हणाली, "केल्विन, आणखी एक रविवार तू त्या खिडकीत बसून काढलास ना, तर मी खिडकीच विटांनी बुजवून टाकेन." जुलैपासून पुन्हा बसायला लागलो. बाबा यायचे, हरायचे, उठून जायचे.

या रविवारी जेवताना मी बोटीवरच्या कामाचा अर्ज भरत होतो. सुवाच्य अक्षरात, प्रत्येक शब्द तपासून. नववीत शाळा सुटल्यापासून मला ही सवय आहे, तुला ठाऊक आहे. बाबांनी माझ्या खांद्यावरून कागद पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाठींची नावं हा पोरगा बिनचूक लिहील. बांधायला सांगा, स्वतःचाच बूट वल्ह्याला बांधून ठेवेल." स्नो इतका हसला की त्याच्या नाकातून बिअर आली. ऑड्रीही हसली. मीपण हसलो. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. ते सगळ्यांनाच असं बोलतात, आणि ज्याला बोलत नाहीत त्याला त्यांनी आपला मानलेलं नसतं. हे मला आज कळतं. रविवारी दुपारी ते जेवणाबरोबर घशाखाली उतरलं नाही.

चारच्या सुमाराला तो हात आला. प्रत्येकाकडे दोन झाकलेले पत्ते, आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच उघडे: एक राजा, दोन नव्व्या, एक चव्वी, एक दुर्री. स्नो आणि ऑड्रीने पत्ते टाकून दिले होते. राहिलो बाबा आणि मी. बाबांनी आपल्यापुढच्या पैजेच्या सगळ्या चकत्या मध्ये सरकवल्या. मी तेवढ्याच मोजून टाकल्या. आता पत्ते दाखवायचे. नियम असा की ज्याने शेवटी बोली चढवली त्याने आधी दाखवायचं. मी हात टेबलावर ठेवून थांबलो. बाबांनी दोन राजे उलटले. टेबलावरचा तिसरा, आणि वर नव्व्यांची जोडी. फार मोठा हात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझे पत्ते पालथेच ठेवले. मग त्यांनी दोन्ही हातांनी, दुखऱ्या हातानेसुद्धा, सगळ्या चकत्या कवेत घेतल्या आणि मोठ्याने हसले. टॅम्सिन, ते हसू मी विसरलोच होतो. मान वर करून छताकडे बघत म्हणाले, "नोरीन, बघितलंस का गं? बघितलंस का म्हाताऱ्याला!"

तेव्हा मी माझे पत्ते मांडले. एक नव्वी. मग दुसरी नव्वी. टेबलावरच्या दोन धरून चार. त्याहून मोठा हात त्या डावात कुणाचाच असू शकत नव्हता.

स्नो म्हणाला, "ए, हे काय रे? असा हात घेऊन गप्प बसतात का? माणसाला हसू देतोस आणि मग..." मी म्हणालो, नियमाप्रमाणे आधी दाखवायची पाळी त्यांची होती, म्हणून मी थांबलो. खरंच असं म्हणालो. ते वाक्य माझ्याजवळ तयार होतं. बाबांनी कवेतल्या चकत्या सोडल्या आणि स्वतःच माझ्या बाजूला ढकलल्या. "सोड रे स्नो. पोराने नियम पाळला. बाकीच्या गोष्टी त्याला कुणी शिकवल्याच नाहीत, तर त्याला कशा कळणार? शिकेल." मग ते उठून चहा ठेवायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. ऑड्री पत्ते पिसत होती. माझ्याकडे न बघता तिने हळूच विचारलं, "बाळा, चार नव्व्या होत्या तर तू बोली चढवली का नाहीस?" मी म्हटलं, घाबरलो. तिने मान हलवली आणि पुढचा डाव वाटला.

मी घाबरलो नव्हतो. बोली चढवली असती तर शेवटची बोली माझी झाली असती आणि आधी मला दाखवावं लागलं असतं. म्हणून मी नुसती बरोबरी केली. त्यांनी आधी उघडावं, त्यांना आपण जिंकलो असं वाटावं, आणि मग मी दाखवावं, असं मला हवं होतं. वल्ह्याला बांधलेला बूट माझ्या डोक्यातून जात नव्हता. तुझ्या आईचं नाव ते घेतील हे मला माहीत नव्हतं, पण घेतल्यावरही मी थांबलो नाही. पत्ते पालथेच टाकून दिले असते तर कुणी विचारलं नसतं. आपल्याकडे कुणी विचारत नाही. डाव त्यांचा झाला असता आणि ते हसू संध्याकाळपर्यंत टिकलं असतं. मला ते ठाऊक होतं, आणि तरी मी दोन्ही पत्ते एकदम न टाकता एकेक करून मांडले.

त्या रात्री तू फोन केलास. बाबांनी तुला सगळं हसत हसत सांगितलं होतं. तू विचारलंस, "रीस, तुला खरंच माहीत नव्हतं ना?" मी म्हणालो, नाही. तू म्हणालीस, "वाटलंच मला." काल सकाळी बाबांनी मला धक्क्यावर बोलावलं आणि ऑक्टोबरपासून बोटीवरची जागा देऊ केली. म्हणाले, सगळे नाराज झाले तरी नियम सोडत नाही, असाच माणूस मला डेकवर हवा. मी त्यांचे आभार मानले. टॅम्सिन, मला कुणी शिकवलं नाही हे खोटं आहे. फेब्रुवारीत बाबा समुद्रावर असायचे आणि मी तुझ्या आईला औषधं आणून द्यायचो, तेव्हा ती अंथरुणात उशा मागे लावून बसायची आणि माझ्याशी एकेक डाव खेळायची. मी रविवारच्या टेबलावर बसायच्या लायकीचा व्हावा म्हणून. तिनेच सांगितलं होतं, "हात पक्का जिंकलेला असेल तर पाळीबिळी बघायची नाही, लगेच उघडायचा. समोरच्याला खोटा आनंद द्यायचा नाही, पोरा. केल्विनला तर कधीच नाही, तो लगेच विश्वास ठेवतो." तिने हे माझ्याकडून दोनदा करवून घेतलं होतं. आज दहा वाजता बाबा रंगाचे डबे घेऊन येतील. ब्रश हातात घेण्याआधी मी त्यांना हे सगळं सांगणार आहे, आईचं बोलणंही. ते जागा काढून घेतील किंवा ठेवतील. पण तू त्या खोलीची नोटीस माझ्यासाठी देणार आहेस, म्हणून त्यांच्याइतकंच तुलाही हे कळायला हवं. पोस्ट नऊला उघडतं. हे पाकीट आधी तिथे देतो आणि मग त्यांच्याकडे जातो, म्हणजे त्यांचा चेहरा बघून मला शब्द फिरवता येणार नाही.

तुझाच, तू म्हणशील तोवर,
रीस