एकादशीची गोळी

परभणी तुरुंग, डिसेंबर १९७९

सौ. नर्मदेस तिच्या नवऱ्याचे दुरूनच आशीर्वाद.

एक गंभीर तक्रार आहे. इथे रक्तदाबाच्या गोळीवर तू देतेस तसा गूळ देत नाहीत. सत्याग्रहात विद्यापीठाचं नामांतर मागितलं, गूळ मागायचा राहिला.

कंपाउंडर रांगेतल्या प्रत्येकाच्या जिभेवर गोळी ठेवतो, पाणी पाजतो आणि "आ करा" म्हणून आत डोकावतो. रांगेत माझ्या शेजारी उभा असलेला येडबा नावाचा सत्याग्रही म्हणाला, "गुर्जी, हे तर टेसनावरलं वजनाचं मशीनच हाय की! नाणं टाकलं की तिकीट भाईर." लग्नानंतर तसल्याच मशीनवर तू चपला काढून उभी राहिली होतीस, देवळात उभं राहावं तशी. दोन दिवस तेच आठवतंय.

सोनपेठच्या बाजारात हुरडा आला का?

माझी काळजी नको, इथे गोळी चुकवायची सोयच नाही. पण तू एकादशीला फिटची गोळी पदराला बांधून ठेवतेस. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींत औषधही आहे, हा श्लोक मी म्हणायचो, तेव्हा कुठे हसत गिळायचीस. आता घरात तुला "आ कर" म्हणणारं कोणी नाही. भगरीसाठी चूल तर पेटवशीलच. तिथे एकटी असताना फिट आली तर? मला फार भीती वाटते.

गोळी घे.

तुझा,
विनायक